शिष्यवृत्ती सरावाच्या ओएमआर शीट मोबाइलवर तपासताना: जून ते फेब्रुवारीच्या वापरानंतर

मोबाइलच्या कॅमेऱ्याने ओएमआर शीट, म्हणजे वर्तुळं रंगवून उत्तरं द्यायची पत्रिका, तपासणारं अ‍ॅप नाशिक शहरातल्या आणि पेठ, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या पाचवी-आठवीच्या शिष्यवृत्ती वर्गांसाठी पूर्ण हंगामभर वापरलं. गुण झटपट लागतात म्हणून बहुतेक शिक्षक ते घेतात. त्याची खरी किंमत मात्र प्रश्नवार अहवालात आहे. कोणत्या प्रश्नाला किती मुलांनी नेमका कोणता चुकीचा पर्याय रंगवला, हे त्याच दिवशी कळतं.

समजा, आयताची लांबी १२ सेमी आणि रुंदी ८ सेमी आहे, तर परिमिती किती? पर्याय २०, ४०, ४८, ९६. ज्यांनी ९६ रंगवलं त्यांनी क्षेत्रफळ काढलं. ज्यांनी २० रंगवलं त्यांना परिमिती कळते, फक्त दुप्पट करायचं राहिलं. गुण दोघांनाही शून्य, पण पहिल्या गटाला दोरी घेऊन वर्गाच्या कडेने फिरवायला हवं आणि दुसऱ्याला फक्त आणखी चार उदाहरणं पुरतात. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याची किल्ली (बरोबर उत्तरांचा नमुना) शीटवर ठेवून तपासलं तर एका शीटला मिनिटभरच लागतं आणि ती पद्धत आजही चांगली आहे. पण तीत बरोबर उत्तरं मोजली जातात, चुकीची कुठे गेली ते दिसत नाही.

अहवालात आणखी एक गोष्ट शोधायची. मुलाची उत्तरं ३१ पर्यंत ठीक आणि तिथून पुढे सलग चुकीची दिसली, तर ती पुढच्या प्रश्नाच्या किल्लीशी ताडून बघा. जुळली तर मुलाने ३२ वा प्रश्न सोडला आणि ३३ चं उत्तर ३२ च्या ओळीत रंगवलं. अशा मुलाला गणित पुन्हा शिकवण्यात काही अर्थ नाही. सोडलेल्या प्रश्नाच्या क्रमांकाला प्रश्नपत्रिकेवर गोल करायची आणि दर पाच प्रश्नांनी क्रमांक जुळवायची सवय लावावी.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या पेपर एकमध्ये प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, एकूण १५० गुण, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, रंगवण्यासकट. एक वर्तुळ नीट भरायला चार-पाच सेकंद धरले तरी ७५ वर्तुळांना सहा मिनिटं जातात. उत्तरं आधी प्रश्नपत्रिकेवर खुणावून शेवटी एकदम रंगवणारी मुलं इथेच फसतात. नकारात्मक गुण नाहीत, तरी शेवटची आठ-दहा वर्तुळं कोरी राहतात. कोऱ्या जागा शेवटी एकत्र असतील तर वेळ कमी पडला, विखुरलेल्या असतील तर तो घटक येत नाही, असं समजावं.

आठवीसाठी एक सेटिंग आधी बदला. प्रत्येक विषयात कमाल २० टक्के प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळतात. ७५ प्रश्नांच्या पेपरात असे १५ पर्यंत प्रश्न, म्हणजे ३० गुण. अ‍ॅप मूळ सेटिंगवर दोन वर्तुळं दिसली की उत्तर चूक धरतं किंवा एकावरही गुण देतं. किल्ली भरताना त्या प्रश्नांना ‘दोन्ही हवेत’ असा नियम लावावा लागतो. ही सोय नसलेलं अ‍ॅप आठवीला घेऊ नये.

सगळ्यात जास्त गोंधळ किल्लीनेच होतो. एक पर्याय चुकीचा टाकला की अख्ख्या वर्गाचे गुण चुकतात. एकाने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं. मग बरोबर उत्तरांची एक शीट हाताने रंगवून स्कॅन करायची. ती १५० पैकी १५० आली तरच मुलांच्या शीट घ्यायच्या. एखादा प्रश्न जवळजवळ सगळ्यांचाच चुकला तर मुलांना बोलण्याआधी किल्ली पाहा.

छपाईत कंजुषी नको. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की शीट तिरकी होते, कोपऱ्यातले काळे चौकोन कापले जातात आणि कॅमेऱ्याला पानाची हद्दच सापडत नाही. दर वेळी मूळ फाइलवरूनच छापावी, कागद ७० जीएसएमचा घ्यावा. टोनरचे डाग वर्तुळात पडले की अ‍ॅप ते भरलेलं समजतं. पावसाळ्यात पेठ, इगतपुरीकडे कागद दमट होऊन वाकतो, वाकलेल्या पानावर सावली पडते आणि कडेच्या रांगा चुकीच्या वाचल्या जातात. रीम प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी. स्कॅन खिडकीच्या बाजूच्या उजेडात करावं. फ्लॅश लावला तर शाई चमकते आणि भरलेलं वर्तुळ पांढरं दिसतं.

सराव पहिल्या दिवसापासून बॉलपेननेच. पेन्सिल दिली की मुलं खोडून बदलायला शिकतात आणि परीक्षेत ती मुभा नसते. जेल पेन कागदात पसरतं. पाचवीची मुलं हजेरी क्रमांकाचे गोल हमखास चुकवतात, म्हणून पहिले काही पेपर ते शिक्षकांनीच भरून द्यावेत.

खर्चाचा हिशेब आधी करा. ४० मुलांचे दोन पेपर म्हणजे एका चाचणीला ८० शीट. अ‍ॅपच्या मोफत योजनेची मर्यादा महिन्याला शंभर स्कॅनची असेल तर एका चाचणीतच ती संपत येते. पाड्यावरच्या शाळेसाठी नेट नसताना स्कॅन होतं का, हे तिथे जाण्याआधी तपासावं.

एनएमएमएस या आठवीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेच्या बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, दोन्ही चाचण्यांत ९० प्रश्न असतात, तिथे ७५ ची शीट पुरत नाही. १०० ची छापून शेवटच्या दहा ओळींच्या वर आडवी रेघ मारून त्या वगळाव्यात. मात्र रेघ वर्तुळांतून जाऊ देऊ नये, नाहीतर तीही वाचली जाते. नाशिकच्या कॉलेज रोडवर एमएचटी-सीईटी या बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी कुणी हेच घ्यायला सांगत असेल तर घेऊ नका. ती परीक्षा संगणकावर होते, त्यात भौतिक-रसायनाची ९० मिनिटं संपल्यावरच गणिताचा भाग उघडतो, आणि तो सराव पडद्यासमोर बसूनच व्हायला हवा.