एचआयव्हीची चाचणी सोलापुरात कुठे करावी: सिव्हिल, खासगी लॅब की थेट पुणे?

एचआयव्हीची चाचणी करायची म्हटलं की सोलापूरकराला आधी धास्ती वाटते ती कुणीतरी ओळखीचं भेटण्याची. त्यापायी काही जण सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं गाठतात, तर काही महिनोन् महिने चालढकल करतात. माझ्या मते ठिकाण ठरवण्याआधी तारीख मोजावी.

असुरक्षित संबंध येऊन ७२ तास उलटले नसतील तर लॅब शोधत बसू नका. तडक सिव्हिल किंवा एचआयव्हीवर उपचार करणारे डॉक्टर गाठा आणि लागण टाळण्यासाठीच्या 'पेप' औषधांबद्दल विचारा. ही २८ दिवसांची गोळ्यांची मात्रा जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी. ७२ तासांनंतर तिचा उपयोग राहत नाही.

ती वेळ टळली असेल, तर सिव्हिलमधलं आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. चाचणी मोफत. आधी समुपदेशक बोलतात, संमती घेतात, मग रक्त घेतात. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानं संमतीशिवाय चाचणी करायला आणि निकाल इतरांना सांगायला बंदी आहे. रांग असते, सरकारी वेळा पाळाव्या लागतात, हातमाग-यंत्रमागावर रोजंदारी करणाऱ्याचा खाडा होतो, हे खरंच. पण पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर लगेच शिक्का मारत नाहीत, वेगवेगळ्या किटवर तपासून मगच सांगतात. मोफत औषधांचं एआरटी केंद्रही सिव्हिलमध्येच आहे.

खासगी लॅबमध्ये काही शे रुपये मोजले की काम लवकर होतं. तिथं 'फोर्थ जनरेशन' चाचणी आहे का, हे आवर्जून विचारा. ती विषाणूचा अंशही शोधते, त्यामुळे ४५ दिवसांनी आलेल्या निगेटिव्हवर बऱ्यापैकी विसंबता येतं. नुसत्या अँटिबॉडी पाहणाऱ्या रॅपिड चाचणीला तीन महिने धरून चालावं. म्हणजे संबंधाला दीड-दोन महिनेच झाले असतील तर पैसे खर्चणं वाजवी. समुपदेशन मात्र बहुतेक लॅबमध्ये नसतंच. शिवाय रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो, आणि घरात मोबाइल एकच असेल तर गुप्तता तिथंच संपली! लॅबचा पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊनही मोफत औषधांसाठी पुन्हा आयसीटीसीतच यावं लागतं.

पुण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चाचणी तीच, तिकिटाचा खर्च वेगळा. औषधं सुरू झाली तर दर खेपेला कोण जाणार?

एचआयव्ही निगेटिव्ह आला म्हणून सगळंच ठीक, असं मात्र नाही. सिफिलिस या लैंगिक आजारासाठी वेगळी रक्तचाचणी लागते. ती सिव्हिलमध्येही होते आणि पेनिसिलिननं हा आजार बरा होतो. जखम, स्राव, जळजळ असेल तर लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये जा. तिथं लक्षणांवरून औषधांचं रंगीत किट मिळतं, जोडीदारालाही. पण गनोरिया, क्लॅमिडिया कित्येकदा लक्षणांविनाच अंगात राहतात. अशा वेळी लघवीची पीसीआर तपासणी खासगीतून करून घेणं चांगलं, महाग पडली तरी. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर तेही याच फेरीत विचारून घ्या.

कुठं जायचं तेच कळत नसेल तर १०९७ या टोल फ्री नंबरवर नाव न सांगता विचारता येतं.

एक चौथी वाटही काही जण शोधून काढतात: रक्तदान. जयंती असो की गणपती, आपल्याकडे शिबिरांना तोटा नाही, आणि 'रक्तपेढी फुकटात तपासते की' असा हिशेब केला जातो. तो कृपा करून करू नका. लागण ताजी असेल तर ती रक्तपेढीच्या तपासणीतूनही निसटू शकते, आणि ती पिशवी चढते दुसऱ्याच कुणाला तरी.