घरचं टेबल, अभ्यासिका की को-वर्किंग: घरून व्यवसाय करणाऱ्याने बसावं कुठे?

माझ्या मावसबहिणीने मार्चअखेर नोकरी सोडली. आता ती पुण्यातल्या चार-पाच दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची कामं घरून करते. परवा फोनवर म्हणाली, "ताई, बसू कुठे? घरातच टेबल मांडू, अभ्यासिका लावू, की सरळ को-वर्किंग घेऊ?" को-वर्किंग म्हणजे भाड्याने बसायला मिळणारं सामायिक ऑफिस. मी अकरा वर्षं भाषांतराचं काम करते आहे आणि या तिन्ही ठिकाणी बसून झालं आहे. तिला सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते, कारण आपण कुठे बसतो त्यावर पाठ, झोप आणि डोकं, तिन्ही अवलंबून असतं.

पाठ आणि खांदे

घरचं टेबल म्हणजे बहुतेक घरांत जेवणाचं टेबल. त्याची उंची साधारण ३० इंच. माझी उंची पाच फूट एक इंच. कोपर काटकोनात यावं म्हणून खुर्चीवर उशी घेतली की पाय लोंबकळतात. पाय टेकवले की खांदे कानांपर्यंत चढतात. दुसऱ्या वर्षी उजवा खांदा असा धरला की वेणी घालायला हात मागे जाईना. फिजिओथेरपिस्टने व्यायाम सांगण्याआधी टेबलाचा फोटो मागवला, आणि त्यावरून सगळी मांडणी बदलली. खुर्चीवर उशी, पायांखाली माळ्यावरचा जुना पाट, लॅपटॉपखाली दोन जाड शब्दकोश आणि वेगळा कीबोर्ड. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली. विकत आणला तो फक्त कीबोर्ड.

को-वर्किंगमध्ये खुर्ची वर-खाली होते, पाठीला आधार असतो. इथे ते सरळ जिंकतं. अभ्यासिकेत मात्र अरुंद लाकडी कप्पा आणि साधी खुर्ची. तीन तासांच्या वर मान आखडतेच.

डोळ्यांचं गणित उलटं आहे. दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघावं असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. घरी गॅलरीतून समोरचा गुलमोहर दिसतो. को-वर्किंगमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली नाही, तर नजर दहा फुटांवरच्या काचेला अडते. पैसे भरण्याआधी स्वतःला मिळणाऱ्या जागेवर बसून बघा.

घरची हाक

"तुम्ही घरीच असता ना?" या एका वाक्यावर आमच्या जिन्यातली सगळी पार्सलं माझ्याकडे येत होती. शेजारच्यांचा सिलिंडर, पाण्याच्या टँकरचे पैसे, मुलीच्या मैत्रिणीची वही, सगळंच. एका परिच्छेदात तीनदा उठलं की तो परिच्छेद रात्री जेवणानंतर करावा लागतो, आणि झोपायला साडेबारा वाजतात. घरून काम करणाऱ्यांची तब्येत मला सगळ्यात जास्त इथे बिघडताना दिसते.

सासूबाईंशी शांतपणे बसून बोलले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोनवर येईपर्यंत मी ऑफिसात आहे असं समजा, म्हटलं. ती वेळ त्यांनी माझ्यापेक्षाही कडक पाळली. शेजारच्या काकूंना दारातूनच "दोननंतर या" सांगू लागल्या. घरात असं कोणी पाठीशी असेल तर घरचं टेबल उत्तम चालतं. लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर अशी वेळ पाळली जाण्याची अपेक्षा धरू नका. तिथे आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी बाहेर पडणं ही चैन नाही.

बोलायला माणूस

सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेल्या असतात. त्या शांततेत माझी सगळ्यात चांगली पानं झाली आहेत. पण तिथे फोन घेता येत नाही. भाषांतर, संपादन, डिझाइन करणाऱ्याला हे वरदान. दिवसभर दुकानदारांचे फोन घेणाऱ्या बहिणीला ते जमणारच नाही. को-वर्किंगमध्ये चहाच्या वेळी चार वाक्यं बोलायला कोणी तरी भेटतं. घरी कधीकधी संध्याकाळी लक्षात येतं की दिवसभरात घराबाहेरच्या कोणाशी आपण बोललोच नाही.

अशा दिवसांची रांग लागली, झोप उडाली, कामाची फाइल उघडावीशीच वाटेना, तर जागा बदलून भागणार नाही. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तो २४ तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. फोन लावायला परिस्थिती फार बिघडायची वाट बघू नका.

दिवस कुठे संपतो

बाहेर बसलं की बॅग भरली, जिना उतरला, दिवस संपला. घरी लॅपटॉपशेजारीच ताटं मांडली जातात. मी दिवेलागणीला लॅपटॉप कपाटात ठेवते, पाट उभा करून भिंतीला लावते आणि पर्वतीला जाते. १०३ पायऱ्या चढून वर गेले की त्या दिवसाचं काम खालीच राहतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. को-वर्किंग घेणार असाल तर चालत जाता येईल असंच घ्या. स्कूटरवर जायचं असेल तर हा फायदा गेला.

पैसे

अभ्यासिका सगळ्यात स्वस्त, को-वर्किंगला महिन्याला काही हजार जातात. पण आजारपणाची पगारी रजा तिन्हीकडे नाही, आणि नोकरी सुटली की कंपनीचा आरोग्य विमाही सुटतो. म्हणून माझं ठाम मत आहे: आधी स्वतःची पॉलिसी, मग खुर्ची, मग जागा. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी आजारांना संरक्षण नसतं, आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून उशीर नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे.

मग बहिणीने काय घ्यावं?

तिच्या कामाला ठरलेल्या तारखा आहेत. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) अकरा तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी (कराचा गोषवारा) वीस तारखेपर्यंत जायला हवं. त्याआधीचे दोन-तीन दिवस फोन, बिलं, दुरुस्त्या यांनी भरलेले असतात आणि घरी बेल वाजतच असते. म्हणून ९ ते ११ आणि १८ ते २० ला को-वर्किंगचा डे-पास, बाकी महिना घरचं टेबल. पूर्ण महिन्याचं भाडं तिने भरू नये. मी तिच्या जागी एकटी राहणारी असते, तर मात्र भरलं असतं.

कीबोर्ड तिने मागवला आहे. पाट मावशीकडून आणणार आहे. पहिला डे-पास १८ तारखेचा. तिथला प्रिंटर चालतो का, ते आदल्या दिवशी जाऊन बघून ये म्हटलं आहे.