फुटबॉल कोच व्हायचंय : अकादमी की क्लब?

फुटबॉल कोचसाठीच्या डी लायसन्सचा कोर्स आटोपला की पंचविशीच्या आतबाहेरची मुलं-मुली हमखास विचारतात : आता शाळा-अकादमीत लहान मुलांना शिकवू, की एखाद्या क्लबच्या सीनियर संघात सहायक म्हणून शिरू? विचारतानाच बहुतेकांच्या मनात एक शिडी असते. खाली मुलं, मधे सीनियर संघ, वर आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग. डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो हा लायसन्सचा क्रम बघितला की ती शिडी खरीही वाटते. मला ती पटत नाही. लायसन्स तीच असली तरी मुलांचा कोच आणि सीनियर संघाचा कोच हे दोन स्वतंत्र पेशे आहेत, आणि निवड करताना ते समोरासमोर ठेवूनच बघायला हवेत.

क्लबची बाजू आधी घेतो, कारण ओढ तिचीच जास्त असते.

खालिद जमील यांची वाटचाल नीट बघा. खेळणं थांबल्यावर २००९ मध्ये त्यांनी मुंबई एफसीची सूत्रं हाती घेतली आणि तुटपुंज्या पैशांत तो संघ वर्षानुवर्षं आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये टिकवला. मग मिझोरामचा ऐझॉल एफसी. आदल्या हंगामात खाली घसरलेला हा संघ गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून लीगमध्ये परत आला होता. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँग लाजाँगशी १-१ बरोबरी झाली आणि ऐझॉल देशाचा विजेता ठरला. एवढं करून दाखवल्यावर पुढे काय? ईस्ट बंगालमध्ये एक हंगाम, मोहन बागानमध्ये काही महिने, मग आयएसएलमधल्या नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये दुय्यम भूमिका. २०२१ च्या सुरुवातीला परदेशी कोच गेल्यावर सूत्रं तात्पुरती त्यांच्याकडे आली, त्यांनी संघ उपांत्य फेरीत नेला, आणि त्यानंतर कुठे ऑक्टोबरमध्ये कायम पद मिळालं. आयएसएल २०१४ पासून चालू होती. तिथे पूर्णवेळ मुख्य कोच झालेले ते पहिले भारतीय. म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदानंतरही साडेचार वर्षं गेली. तेही पद एका हंगामाने सुटलं आणि ते खालच्या श्रेणीतल्या एफसी बंगळूर युनायटेडकडे गेले. २०२३ च्या अखेरीस जमशेदपूर आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघ, हे त्यानंतरचं. मला या माणसाबद्दल अपार आदर आहे, आणि म्हणूनच त्यांचं नाव घेऊन कुणी ‘क्लबात लवकर नाव होतं’ म्हणालं की मी त्याला या तारखा मोजायला सांगतो.

दुसरा प्रश्न क्लबांच्याच आयुष्याचा. महिंद्र युनायटेडने डेरिक परेरा यांच्या हाताखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, २०१० मध्ये संघ बंद. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, तेव्हाही कोच परेराच; काही वर्षांत तोही संघ मिटला. भारत एफसी एकच हंगाम खेळला. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स २०१७ च्या सुमारास गेले, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. या प्रत्येक संघात मुख्य कोच, सहायक, गोलकीपर कोच, फिजिओ होते आणि त्यांची घरं त्या पगारावर चालत होती. जुलै २०२५ मध्ये तर खुद्द आयएसएलच व्यावसायिक हक्कांच्या कराराअभावी थांबली आणि काही क्लबांनी पगार रोखले. पुण्या-मुंबईत राहूनच क्लब फुटबॉलवर पोट भरीन असं ठरवणाऱ्याने ही यादी घरच्यांनाही दाखवावी.

कोल्हापूरची तऱ्हा निराळी. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं, आणि हजारोंच्या डोळ्यांसमोर खेळाडू बदलण्याचा निर्णय घ्यायला शिकावं तर तिथे. उपजीविका मात्र बहुधा दुसरीकडूनच येते.

आता मुलांची बाजू. बारा वर्षांखालचं एक सेशन जवळून बघा. दहा पावलांचा चौकोन, चार मुलं कडेला, ओळखीसाठी रंगीत बंडी (बिब) घातलेला एक मधे. कडेचा एक मुलगा पास घेताना चेंडूकडे तोंड करून सरळ उभा राहतो. चेंडू पायाशी आला तरी त्याला अर्धा चौकोन दिसतच नाही, म्हणून तो आल्या वाटेनेच पास परत देतो. कोच बाहेरून ‘वळ, वळ’ ओरडला तर मुलगा तेवढ्यापुरता वळतो. चांगला कोच खेळ थांबवतो, मुलाला जागेवरच उभं ठेवतो आणि विचारतो, ‘‘तुझ्या डाव्या बाजूला कोण मोकळा आहे?’’ आता मुलाला मान वळवावीच लागते. मग अंग थोडं तिरकं, पास चेंडूपासून लांबच्या पायावर, आणि चेंडू दुसऱ्या बाजूला निघालेला. हे अंगवळणी पडायला महिने लागतात. तोवर शनिवारचा सामना ०-४ ने गेला तरी चालतो, किंबहुना चालायलाच हवा.

सीनियर कोचला ही मुभा नसते. त्याच्या हातात दोन सामन्यांमधले चार-पाच दिवस, थकलेले पाय, एखाद-दोन दुखापती आणि प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ. तो खेळाडूची सवय बदलत बसत नाही. ती सवय कुठे खपून जाईल अशी जागा संघात शोधतो. दोन्ही कामांना हुशारी लागते, पण वेगवेगळी. स्वतःला विचारायचं ते एवढंच, की यातलं कुठलं काम रोज करायला आवडेल.

पैशांचं बोलायचं तर अकादमीची वाटही सोपी नाही. बऱ्याच ठिकाणी मानधन सेशनमागे असतं. पावसाने मैदान गेलं की सेशन रद्द आणि तेवढे पैसेही गेले. त्यामुळे सकाळी एक शाळा, संध्याकाळी दोन अकादम्या, मधे बाइकवर शहर पालथं, असं कित्येकांचं चालतं. शाळेत कायमची नोकरी हवी असेल तर नुसतं फुटबॉलचं लायसन्स पुरत नाही, बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी लागते, पुण्याचं आगाशे महाविद्यालय किंवा अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही त्यासाठीची जुनी ठिकाणं. बी.पी.एड. अधिक सी लायसन्स हा जोड मला सध्या सर्वांत भक्कम वाटतो. गोव्यात चित्र जरा बरं आहे, कारण तिथे फुटबॉल विकास परिषद आणि क्रीडा प्राधिकरण मुलांच्या केंद्रांसाठी कोच नेमतात.

आणि मुलांच्या कोचला नाव मिळत नाही, हे कबूल. कोल्हापूरचा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक खेळला. त्याला पहिल्यांदा चेंडू थांबवायला कुणी शिकवलं, हे किती जणांना सांगता येईल? तरी मान कधीच मिळत नाही असंही नाही. एअर इंडियाच्या संघात तरुण खेळाडूंना उभं करणारे मुंबईचे बिमल घोष २०२२ च्या द्रोणाचार्य जीवनगौरव पुरस्काराचे मानकरी ठरले.

माझा कौल असा. व्यावसायिक स्तरावर खेळला असाल, ड्रेसिंग रूममधली माणसं ओळखीची असतील आणि ऐझॉल, गुवाहाटी, जमशेदपूर कुठेही बॅग उचलून जायची तयारी असेल, तर क्लबातच जा आणि उशीर करू नका. जिल्हा-विद्यापीठ स्तरापर्यंत खेळला असाल तर अकादमी निवडा, आणि ती आयुष्यभराचा पेशा म्हणून निवडा. क्लबात शिरायचंच असेल तर गोलकीपर कोच किंवा व्हिडिओ विश्लेषक ही दारं तुमच्यासाठी मुख्य दारापेक्षा जवळची आहेत. जर्मन कोच युलियन नागेल्समन यांचं उदाहरण सगळे देतात, विशीत खेळ सुटला आणि २८ व्या वर्षी होफेनहाइम क्लबचे मुख्य कोच. पण मधली बरीच वर्षं त्यांनी युवा संघांत काढली होती, हे सांगायचं राहून जातं.

मुलींनी तर बी लायसन्स हातात येईपर्यंत शिकणं थांबवूच नये. मुलींचे संघ वाढताहेत आणि त्यांना शिकवणाऱ्या स्त्रिया फार कमी आहेत. गोव्याच्या मेमॉल रॉकी भारतीय महिला संघाच्या मुख्य कोच होत्या, तेव्हा वाट पडलेली आहे.

ऑफर हातात आली की तीन गोष्टी लेखी मागा. पगार वर्षातले किती महिने मिळणार, पुढच्या लायसन्सची फी कोण भरणार आणि कोर्सच्या दिवसांची रजा पगारी आहे का, आणि मधेच काढलं किंवा संघच बंद झाला तर नोटीस किती महिन्यांची. तिसऱ्या प्रश्नावर गुळमुळीत बोलणाऱ्या क्लबपेक्षा पहिल्याचं सरळ उत्तर देणारी शाळा मी केव्हाही घेईन.