दादरचा लॅटिन वर्ग: ‘ओपोर्तेत’च्या पाठासाठी तरी जावे

दादर पश्चिमेला रविवारी सकाळी भरणाऱ्या या लॅटिन वर्गात वकिलीचे विद्यार्थी बरेच असतात. ‘मेन्स रेआ’ (गुन्हेगारी हेतू) यासारखे शब्द घोकून झाल्यावर त्यांमागचे व्याकरणही कळावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. मात्र शिकवण्याचा खरा कस लागतो तो ‘ओपोर्तेत’ या क्रियापदाच्या पाठात, आणि तिथे बाई उत्तम उतरतात.

हे क्रियापद अकर्तृक, म्हणजे कर्त्याशिवाय येणारे, असून तृतीय पुरुषी एकवचनातच चालते. ज्याने काही करायला हवे ती व्यक्ती सहसा द्वितीया विभक्तीत येते. बाईंनी फळ्यावर ‘ते इरे ओपोर्तेत’ म्हणजे ‘तुला जायला हवे’ आणि त्याखाली ‘ते इरे ओपोर्तुइत’ म्हणजे ‘तुला जायला हवे होते’ असे लिहिले. ‘इरे’ दोन्हीकडे तेच राहते, जसे आपले ‘जायला’, आणि भूतकाळाचा भार ‘हवे’वरच पडतो. इंग्रजीत तो भार ‘जाणे’वर टाकावा लागत (‘ought to have gone’) असल्यामुळे इंग्रजी पाठ्यपुस्तकांवरून शिकणारे इथे हमखास अडखळतात, मराठीतून शिकण्याचा फायदा तो हाच.

अर्थाची छटाही त्यांनी नीट उलगडली. ‘नेकेस्से एस्त’मध्ये अटळपणा आहे, ‘ओपुस् एस्त’मध्ये एखाद्या वस्तूची गरज आहे, तर ‘ओपोर्तेत’ औचित्य सांगते. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने आपल्या ९४ व्या पत्रात, अडाण्यांनाही सहज ध्यानात ठेवता यावा म्हणून कायदा थोडक्यात असावा, असे म्हणताना हेच क्रियापद वापरले आहे. कायदे लांबलचक असू शकतात, किंबहुना असतातच, म्हणून तर ‘असावा’ म्हणायचे! भावी वकिलांना हे उदाहरण विशेष भावले.

छापील टिपणे मात्र अगदीच सुमार आहेत. वर्गात इतक्या बारकाईने वेगळे केलेले हे तिन्ही प्रयोग त्यांत ‘आवश्यक असणे’ या एकाच अर्थाखाली कोंबले आहेत. चर्चमध्ये लॅटिन ऐकलेल्या वसईच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘नेचेस्से’ येते, त्या उच्चारभेदाचाही खुलासा झाला नाही. ‘मिही एउन्दुम् एस्त’ (‘मला जायचे आहे’) आणि त्याच अर्थाचे संस्कृतातले ‘मया गन्तव्यम्’ शेजारी ठेवून विभक्तींतला फरक दाखवायला पुरेसा वाव होता. तो भाग घाईत उरकला गेला.

नाव नोंदवायचे असल्यास वही जाड न्यावी, टिपणांवर विसंबू नये आणि मेगाब्लॉकचे वेळापत्रक आदल्या रात्रीच पाहून ठेवावे, कारण वर्ग वेळेवर सुरू होतो.