सागवानी दार, एका पावसाळ्यानंतर: गाभ्याला पूर्ण गुण, पांढऱ्या पट्टीला शून्य

रत्नागिरीच्या घरासाठी बल्लारशाचा सागवान घेतला, तेव्हा चौकटीच्या एका उभ्या खांबाला दोन बोटे रुंदीची फिकट पट्टी होती. ती पॉलिशखाली झाकली जाईल, असे सांगून वखारवाल्याने तीही सागवानाच्याच घनफुटी दराने मोजली. दिवाळीनंतर त्या पट्टीला बारीक भोके पडली आणि उंबऱ्यावर रोज मैद्यासारखी भुकटी दिसू लागली.

आधी माझा राग सगळ्या लाकडावर होता आणि लागवडीचा माल जुन्या झाडांचा म्हणून खपवला असावा, असे वाटत होते. सुताराने खांब सोडवल्यावर ते मत बदलावे लागले, कारण कीड गाभ्याच्या, म्हणजे खोडातल्या आतल्या गडद लाकडाच्या, सीमेवर येऊन अगदी रेषेत थांबली होती. लायक्टस जातीचा हा भुंगेरा लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या स्टार्चवर जगतात. सागवानाच्या वर्षवलयात सुरुवातीची छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढी मोठी असतात आणि बाहेरच्या पांढऱ्या लाकडात स्टार्चही असतो. गाभ्यात मात्र स्टार्च उरत नाही, बरीच छिद्रे बुजलेली असतात आणि टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये किडीला दूर ठेवतात. पॉलिश फक्त दर्शनी बाजूंना होते. भिंतीकडची बाजू कोरीच, म्हणजे तिथली छिद्रे उघडीच राहिली होती.

दाराबद्दल मात्र तक्रार नाही. सुमारे ६५० किलो प्रति घनमीटर घनतेचे हे लाकूड ओल्यापासून पूर्ण सुके होईपर्यंत वलयांच्या दिशेने जेमतेम ६ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने अडीच टक्के आकसते. म्हणजे पावसाळ्यात ओलावा ४ टक्क्यांनी वाढला, तरी दाराच्या शंभर-शंभर मिलिमीटर रुंद अशा दोन उभ्या पट्ट्या मिळून दीड-दोन मिलिमीटरच फुगतात. आडव्या पट्ट्यांची लांबी जवळपास बदलतच नाही. ऐन आषाढातही दार अडकले नाही. रंध्याचे पाते लवकर बोथट होते, ही सुताराची कुरकूर खरी आहे, कारण या लाकडात सिलिका असते.

वखारवाल्याने खांब बदलून देण्यास नकार दिला. पैसे मी दिले ते गाभ्याचे, म्हणून हा नकार मला मान्य नाही. नवा खांब दुसरीकडून घेताना पांढरा भाग मोजमापातून वगळण्याची अट मी बिलावर लिहून घेतली आणि बसवण्यापूर्वी चारही बाजूंना बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे द्रावण लावून घेतले.