फिश, मेटॅलिका की आयर्न मेडन: टूरमागे जायचं तर कोणाच्या, आणि किती रात्री?

एकच शो पाहून परत यायचं नाही, बँडच्या टूरमागे जायचं, असं ठरलं की बहुतेक जण आधी नकाशा उघडतात आणि शहरं निवडायला लागतात. ही उलटी सुरुवात आहे. आधी बघायचं ते हे, की हा बँड दुसऱ्या रात्री काय वेगळं वाजवतो. किती रात्री, किती शहरं, मैदानात उभं राहायचं की खुर्ची घ्यायची, हे सगळं त्यावर ठरतं. फिश, मेटॅलिका आणि आयर्न मेडन या तीन रॉक बँडची याबाबतची उत्तरं तीन टोकांची आहेत, म्हणून तुलनेला हे तीन.

सेटलिस्ट

फिश हा १९८३ साली अमेरिकेत व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला सुरू झालेला बँड. एका रात्री दोन सेट, मध्ये विश्रांती, शेवटी एन्कोर (मंचावर परत येऊन वाजवलेली जादा गाणी), असे साधारण तीन तास. एकाच ठिकाणी सलग तीन-चार रात्री असतील तर गाणं सहसा परत येत नाही. २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला त्यांनी १३ रात्री वाजवलं आणि एकही गाणं पुन्हा घेतलं नाही. शिवाय चार मिनिटांचं गाणं वीस मिनिटांवर जातं ते मंचावरच्या जॅममुळे. ख्यालासारखं आहे: बंदिश तीच, बढत रोज निराळी. आणि मैफलीसारखंच, एखाद्या रात्री ती रंगत नाही. म्हणून फिशची एकच रात्र पाहून मत बनवणं त्यांच्यावरही अन्याय आणि तिकिटाच्या पैशावरही. किमान तीन रात्री, आणि शक्यतो एकाच गावात.

मेटॅलिकाने २७ एप्रिल २०२३ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एम७२ टूर सुरू केली ती वेगळ्या नियमावर: एका शहरात दोन रात्री, मध्ये एक दिवस सुट्टीचा, आणि दोन्ही रात्रींत एकही गाणं सामायिक नाही. सुरुवातीचे पाहुणे बँडही बदलतात. एका रात्री साधारण सोळा गाणी, दोन तास. इथे गणित सोपं आहे. एक शहर, दोन्ही रात्री, झालं. एकच रात्र घेतली तर तुमचं लाडकं गाणं नेमकं दुसऱ्या रात्री असण्याची शक्यता निम्मी. दुसऱ्या शहरात गेलात तर काही गाणी बदलतील, पण कणा तोच राहतो, त्यामुळे तिसऱ्या रात्रीपासून नवं मिळणं झपाट्याने कमी होतं. टूरच्या पुढच्या टप्प्यांत काही शहरांना एकच रात्र मिळाली आहे. शहर निवडताना ते आधी तपासा, नाहीतर या टूरची खासियतच हातून जाते.

आयर्न मेडनचं सेटलिस्ट, म्हणजे गाण्यांची यादी आणि क्रम, टूरच्या एका टप्प्यात जवळपास रोज तेच असतं. यात आळस नाही. दिवे, मागचे पडदे, आगीचे लोळ आणि बँडचं भयाण बोधचिन्ह असलेल्या एडीच्या एंट्रीची वेळ हे सगळं गाण्याच्या ठरावीक क्षणांशी बांधलेलं असतं. २७ मे २०२५ ला बुडापेस्टमध्ये सुरू झालेल्या ‘रन फॉर युअर लाइव्ह्ज’ टूरमध्ये १९८० ते १९९२ या काळातल्या पहिल्या नऊ अल्बमचा माल आहे. ड्रमवर निको मॅकब्रेनच्या जागी सायमन डॉसन आहे. डिसेंबर २०२४ मध्ये साओ पावलोच्या शोनंतर निकोने टूर करणं थांबवलं. मग मेडनमागे फिरणारे बघतात काय? गर्दी बघतात. दोन देशांतलं एकच गाणं शेजारी ठेवून ऐकलं की कळतं, कोरस कोण कसा उचलतं. मेडनच्या दोन रात्री पुरतात, पण दोन वेगळ्या देशांत.

उभं कुठे राहायचं

हा भाग लोक सर्वांत कमी विचार करून ठरवतात आणि पस्तावाही सर्वांत जास्त याच ठिकाणी होतो.

मेडनचा मंच मैदानाच्या एका टोकाला असतो, त्यामुळे ‘पुढे’ म्हणजे एकच बाजू आणि बॅरिकेडची लांबी मर्यादित. तिथे पोचण्याचे दोन मार्ग. एक, पहाटेपासून रांग. दुसरा, फॅन क्लबची ‘फर्स्ट टू द बॅरियर’ सोडत. उभ्याचं तिकीट असलेल्या सभासदांतून नावं निघतात आणि ज्यांचं निघतं ते सर्वसाधारण दार उघडण्याआधी आत जातात. सभासदत्वाचा पुरावा आणि ओळखपत्र लागतं. मात्र बॅरिकेडवरून मागचा पडदा आणि वरची सजावट पूर्ण दिसत नाही, मान वर करून तुकड्यातुकड्यांत पाहावी लागते. म्हणून एक रात्र पुढे उभं राहून आणि दुसरी समोरच्या खुर्चीतून. हाच क्रम ठेवा. खुर्चीतून पाहिल्यावर पुढे गेलात तर काय दिसत नाहीये याचीच आठवण येत राहते.

मेटॅलिकाचा एम७२ मंच कड्यासारखा गोल, मैदानाच्या मधोमध, आणि कड्याच्या आतली उभी जागा म्हणजे स्नेक पिट. ड्रमचे चार संच चार बाजूंना आहेत, ड्रमर लार्स जागा बदलतो आणि बाकीचे तिघे फिरत राहतात. याचा फायदा असा की बाहेरच्या कठड्याची लांबी एकटोकी मंचापेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे दार उघडण्याच्या थोडं आधी पोचूनही कठडा मिळू शकतो. तोटा म्हणजे मैदानात उभारलेले आठ मनोरे. पडदे आणि स्पीकर त्यांच्यावरच आहेत आणि काही जागांवरून ते थेट नजरेच्या आड येतात. खालच्या खुर्च्या महाग असूनही हा त्रास तिथे जास्त होतो. मधल्या उंचीच्या खुर्च्यांतून चित्र पूर्ण दिसतं. दोन्ही रात्री घेणार असाल तर एक मैदानात आणि एक वर. दोन्ही स्नेक पिटमध्ये घेण्यात पैसा जातो आणि पडद्यावरचं निम्मं काम दिसत नाही.

फिशला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मैदान म्हणजे उभी, क्रमांक नसलेली जागा, बाकी खुर्च्या. तीन रात्री उभं राहण्याचा हट्ट धरू नका. तीन तासांच्या शोमध्ये नाचणाऱ्यांना मोकळी जागा मागच्या बाजूलाच मिळते आणि आवाजही ध्वनिनियंत्रकाच्या आसपास सर्वांत नीट लागतो.

रांगेबद्दल एक गोष्ट सगळीकडे लागू. चाहते आपापसात हातावर मार्करने क्रमांक लिहितात, ठरावीक तासांनी हजेरी होते, गैरहजर राहिलं की नाव कटतं. ही चाहत्यांची व्यवस्था आहे. स्टेडियमवर ती पाळण्याचं बंधन नाही. सुरक्षा कर्मचाऱ्यांनी ऐन वेळी दुसरं गेट उघडलं की क्रमांक ३ आणि क्रमांक ३०० एकाच ओळीत येतात. म्हणून आदल्या दिवशीच जागेवर जाऊन उभ्याच्या तिकिटाचं गेट कोणतं हे तिथल्या माणसाला विचारून घ्यावं.

तिकीट

फिशची पद्धत चाहत्याच्या बाजूची आहे. टूर जाहीर होताच बँडच्या स्वतःच्या व्यवस्थेत मागणी नोंदवायची, सोडत निघते, नंतर सर्वसाधारण विक्री. हुकलंच तर ‘कॅश ऑर ट्रेड’ या देवाणघेवाणीच्या ठिकाणी मूळ किमतीला तिकीट मिळू शकतं. शो जवळ येतो तशी तिथे हालचाल वाढते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यापर्यंत धीर धरायला हरकत नाही. मेटॅलिकाची दोन रात्रींची जोड-तिकिटं आधी येतात, एकेका रात्रीची नंतर, त्यामुळे दोन्ही रात्री हव्या असतील तर पहिल्या विक्रीलाच बसा. मेडनसाठी फॅन क्लबचं सभासदत्व टूर जाहीर होण्याआधी घेतलेलं बरं. जाहीर झाल्यावर घेतलं तर पूर्वविक्रीची मुदत हुकण्याचा धोका असतो.

भारतातून घेणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा कार्डावर अडते. नव्या कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात. ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये आदल्या दिवशी चालू करा, मर्यादा वाढवा आणि एक छोटी परदेशी खरेदी करून पाहा. ओटीपी येईपर्यंत टोपलीतलं तिकीट सुटतं, म्हणून मोबाइल आणि रेंज दोन्ही हाताशी ठेवा. जर्मनी किंवा फ्रान्समधली सकाळी १० ची विक्री म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी १.३०, हिवाळ्यात २.३०. लंडनची त्याहून एक तास उशिरा.

इटलीत ५,००० हून अधिक क्षमतेच्या मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं नावाची असतात आणि दारात ओळखपत्राशी ताडून पाहतात. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधल्या रकान्यात आहे की दिलेल्या नावातच जोडलेलं आहे, हे पाहून अक्षरशः तसंच लिहा. मित्राच्या नावावर घेतलेलं तिकीट अधिकृत नावबदल केल्याशिवाय चालणार नाही.

व्हिसा आणि प्रवास

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्याला फिश जवळजवळ बादच, कारण त्यांचं वाजवणं मुख्यतः अमेरिकेत आणि तिथल्या व्हिसा मुलाखतीची तारीख टूरच्या तारखांशी जुळणं नशिबाचं काम. पण न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला फिशइतकं सोयीचं दुसरं काही नाही: एनजे ट्रान्झिटची गाडी पेन स्टेशनला सोडते आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डन त्याच स्टेशनच्या डोक्यावर आहे. वर्षअखेरीच्या रात्री तिथे वाजवण्याची त्यांची जुनी प्रथा आहे. हॉटेल नको, विमान नको. शेवटची गाडी मात्र आधी पाहून ठेवा, एन्कोर लांबतो.

अमेरिकेतल्या व्हिसावाल्यांसाठी एक कडक सूचना. फिशच्या पार्किंगमधल्या बाजारात टी-शर्ट आणि सँडविचबरोबर गांजा आणि नायट्रसचे (नशेसाठी हुंगायच्या वायूचे) फुगेही विकले जातात. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्रीय कायद्यात तो नाही आणि एच-१बी किंवा ग्रीन कार्डवाल्याला तो पुढे इमिग्रेशनमध्ये भोवू शकतो. फोटोसुद्धा टाकू नका.

मेटॅलिका आणि मेडनसाठी युरोप. शेंगेन अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रक्रियेला किमान १५ दिवस धरावेत, गर्दीच्या मोसमात बरेच जास्त. शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्याच्याकडे. रात्री समान असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. मेडनच्या मार्गात ब्रिटन मध्येच आलं तर दोन गोष्टी वाढतात: ब्रिटनचा वेगळा व्हिसा आणि शेंगेनवर एकाहून अधिक प्रवेश. लंडन सुरुवातीला किंवा शेवटी ठेवलं की दुसरी अडचण टळते.

रेल्वेचा पास घ्यायचा तर भारतातल्या रहिवाशांना युरेल. इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे. दोनच शहरं असतील तर पास परवडत नाही, आधी काढलेली सुटी तिकिटं स्वस्त पडतात. शोच्या दिवशी शहर बदलू नका. जर्मन गाड्यांचा उशीर हा विनोदाचा विषय आहे, पण दार साडेपाचला उघडत असताना तो विनोद राहत नाही.

कुठे फसतं

दोन रात्रींच्या टूरचा कमकुवत दुवा म्हणजे एका माणसाचा घसा. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेंडेल इथे मेटॅलिकाचा गायक जेम्स हेटफिल्ड याला कोविड झाला आणि ३ तारखेची दुसरी रात्र ९ तारखेवर गेली. तिकीट चाललं, पण परतीचं विमान आणि हॉटेल ज्याचं त्यानं सोसलं. म्हणून परतीचं तिकीट तारीख बदलता येणारं घ्या, स्वस्तातलं नको. फिशचा २०१८ चा वॉटकिन्स ग्लेनमधला ‘कर्व्हबॉल’ महोत्सव पुरानंतर पाणी दूषित झाल्याने सुरू होण्याच्या आदल्या दिवशी रद्द झाला. मेटॅलिकाचा २८ ऑक्टोबर २०११ चा गुरगावचा शोही असाच ऐन दिवशी गेला, पण ३० तारखेचा बंगळुरूचा झाला. दोन्ही शहरांची तिकिटं ज्यांच्याकडे होती त्यांचंच फावलं.

कानांचं गणितही सलग रात्रींत बदलतं. १०० डेसिबलला सुरक्षित मर्यादा साधारण १५ मिनिटांची मानली जाते, आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. संगीतासाठीचे, सगळ्या पट्टीचा आवाज सारखा कमी करणारे इअरप्लग घ्या. फोमचे बोळे उंच स्वर खातात आणि गिटार चिखलासारखी लागते. मग माणूस तिसऱ्या गाण्याला ते काढून खिशात टाकतो.

मग कोणी काय करावं

पहिल्यांदाच जाणारा, आठ-नऊ दिवसांची रजा, भारतातून: मेटॅलिकाची दोन रात्रींची जोडी, एकच शहर. कष्टाच्या मानाने यात मिळतं सर्वांत जास्त. आधी एकदा मेडन पाहिलेला, ज्याला प्रवास स्वतःच आवडतो: दोन देश, मध्ये दोन-तीन दिवस, एक उभं, एक बसून. चौथी-पाचवी रात्र जोडायचा मोह होईल, पण तो पैसा पुढच्या टूरसाठी ठेवलेला बरा. अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर राहणारा: फिशच्या तीन रात्री, बाकी पर्यायांचा विचारही नको.

सवय करून बघायची असेल तर देशातच मधली वाट आहे. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेने नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादला दोन शो केले. असं पुन्हा घडलं तर दोन शहरांचा फेरा बिनव्हिसाचा होतो. मात्र स्टेडियमजवळची हॉटेलं तारखा जाहीर झाल्यापासून तासाभरात आटोक्याबाहेर जातात. आधी रद्द करता येणारी खोली धरा, मग तिकिटाच्या रांगेत बसा.

आणि ज्याला फिशच हवा आहे पण अमेरिकेचा व्हिसा नाही, त्याने त्यांचं पैसे भरून पाहायचं थेट प्रक्षेपण घ्यावं. न्यूयॉर्कचे रात्रीचे ८ म्हणजे आपले हिवाळ्यात सकाळचे ६.३०, उन्हाळ्यात ५.३०. पहिला सेट चहाबरोबर होतो, दुसऱ्यासाठी ऑफिसला उशिरा येतो असं आदल्या दिवशीच कळवून ठेवावं लागतं.