एटीएमने 'रुपयात पैसे कापू का' विचारलं तर नाही म्हणा (फुकेतचा अनुभव)

मागच्या थायलंड ट्रिपमध्ये आमचे सव्वातीन हजार रुपये निव्वळ एक बटण चुकीचं दाबल्यामुळे गेले, ते तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

फुकेतला पातोंगमध्ये पहिल्या संध्याकाळी कॅश हवी होती, बोटवाला कार्ड घेत नव्हता. रस्त्यावरच्या एटीएममध्ये १०,००० बाथ (तिथलं चलन) काढायचा आकडा टाकला. तिथल्या एटीएमला बाहेरच्या कार्डावर फी लागते, आमच्या वेळी २२० बाथ होती, ती मशीनने आधी सांगितली, ते ठीक. मग पुढची स्क्रीन आली, तिच्यावर मोठ्या अक्षरात फी धरून २७,७९८ रुपये, खाली रेट १ बाथ = २.७२, आणि दोन बटणं, अ‍ॅक्सेप्ट आणि डिक्लाइन. मागे लाइन लागलेली, पोरं भुकेली, आणि मला वाटलं डिक्लाइन दाबलं तर पैसेच येणार नाहीत, शिवाय रुपयात आकडा दिसतोय म्हणजे हिशोब क्लिअर आहे, म्हणून अ‍ॅक्सेप्ट केलं. दोन दिवसांनी परत तेच.

तिसऱ्या वेळी नवरा सोबत होता, त्याने गूगलवर रेट बघितला तर २.४५! म्हणजे मशीनचा रेट जवळजवळ ११ टक्के महाग. त्याने सरळ डिक्लाइन दाबलं आणि मशीनने काही कुरकुर न करता १०,००० बाथ दिले. खात्यातून गेले २६,१७९, आणि यात ती फी, आमच्या बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप (परदेशी चलनावरचा जादा आकार) आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटीसुद्धा आला. म्हणजे आधीच्या दोन्ही वेळा सोळाशे-सोळाशे रुपये जास्त गेले.

मशीन स्वतःच्या रेटने रुपयात हिशोब करून देतं, याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. डिक्लाइन म्हणजे व्यवहार रद्द नाही हो, फक्त 'तुमचा रेट नको' एवढंच, मग हिशोब व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या रेटने होतो आणि तो बाजारभावाच्या बराच जवळ असतो. काही मशीनवर 'विथ कन्व्हर्जन' आणि 'विदाउट कन्व्हर्जन' असं लिहिलेलं असतं, तिथे विदाउट.

माझ्या नणंदेचं तर अजून वाईट, तिच्याकडे डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड होतं. कार्ड भारतातलं आहे हे मशीन नंबरावरून ओळखतं आणि रुपये पुढे करतं, तिने हो म्हटलं, मग बाथचे रुपये आणि रुपयांचे परत डॉलर, दोनदा चाट.

दुकानातही हेच होतं, कार्ड मशीनवर दुकानदार न विचारता रुपये निवडून मोकळा होतो, म्हणून पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर टीएचबी (बाथ) आहे की आयएनआर (रुपये) ते बघाच, आयएनआर असेल तर कॅन्सल करून परत करायला लावा. लाजू नका, व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमात निवड ग्राहकाची आहे.

घरी आल्यावर बँकेत तक्रार केली, तर म्हणाले मॅडम अ‍ॅक्सेप्ट तुम्हीच केलंय, आम्ही काही करू शकत नाही. फार राग आला, पण स्क्रीनवर पर्याय होता हे खरंच होतं.

पुढच्या महिन्यात आई-बाबा बालीला चाललेत. नवऱ्याने काढलेला त्या स्क्रीनचा फोटो बाबांना पाठवलाय, डिक्लाइनभोवती लाल गोल करून.